डांबर जेथे संपते

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचा विषय वाचून गेल्या आठवड्यात पुष्कळांनी आम्हांस बाजारात गाठून विचारले, "अहो, हे सायकलीचे काय काढलेत?" चिटणीसांनी प्रथम आमंत्रण दिले तेव्हा त्यांच्याही मनात काही निराळेच होते. केंद्र सरकारच्या नोकरीत इतकी वर्षे घालविलेल्या माणसाने प्रशासनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी त्यांची सूचना होती. परंतु फायलींतील अनुभव फायलींतच शोभतात. तेव्हा गेल्या दोन वर्षांत आमच्या हातून जी एक चूक झाली व त्या चुकीतून जे थोडेफार उमगले, तेच सांगावे असे आम्ही ठरविले. विषय आहे लहान मुलास डांबरी रस्त्यावरून उतरवून मातीच्या पायवाटेवर सायकल चालवावयास शिकविण्याचा. इंग्रजीत या प्रकाराला माउंटन बायकिंग म्हणतात.

आता कोणी म्हणेल, भिलाईत माउंटन आहे कोठे? आक्षेप रास्त आहे. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, परातीसारखे सपाट पसरलेले. डोंगर म्हणून काही पाहायचे तर दल्ली-राजहराकडे जावे, नाहीतर डोंगरगढला बमलेश्वरीच्या पायऱ्या चढाव्या. तथापि या खेळाचे नाव जरा फसवे आहे. त्यात डोंगरापेक्षा माती महत्त्वाची. जेथे चाकाखालची जमीन स्थिर नाही, कोठे मुरूम सुटतो, कोठे मूळ आडवे येते, कोठे ओहोळ वाट कापून जातो, तेथे तोल सांभाळून जाणे हे त्याचे मर्म होय. आणि अशी जमीन आपल्या वसाहतीच्या कुंपणापलीकडे, कोणत्याही दिशेने निघालो तरी, दोन-चार किलोमीटरांत सापडते. डांबर संपले की खेळ सुरू.

या खेळाचा जन्मही मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात टमालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण, १९३०-४० च्या काळातील जुन्या, जाड टायरांच्या, अवजड सायकली भंगारातून मिळवीत, त्या डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांहून कमी अंतरात १३०० फूट उतार! या सायकलींना मागचा ब्रेक असे तो पायडल उलटे फिरवून लावावयाचा. उतारभर तो लावून त्याच्यातील ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर दर वेळी तेथे नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच पडले 'रिपॅक'. १९७७ साली जो ब्रीझ नावाच्या गृहस्थाने या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा घडविला, १९८१ मध्ये अशी सायकल कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन बसला. भंगारातून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे, हा वेग सरकारी माणसाला थक्क करणाराच म्हणावयाचा.

आपल्याकडेही तो आता परका राहिलेला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई स्पर्धा केरळात पोनमुडीच्या डोंगरात झाली. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी या प्रकारात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले आहे. सडकेवरील सायकलीची गोष्ट निराळी, तरीही शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत एकट्याने पूर्ण केली, हे या सभेत सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. कारण येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आजोळ नागपूर-वर्ध्याकडचे आहे.

पण आम्ही विजेते घडविण्याविषयी बोलणार नाही. आम्ही बोलणार ते सात-आठ वर्षांच्या, थोड्या भित्र्या, नवशिक्या मुलाविषयी. तसे एक मूल आमच्या घरात आहे. आमची नात.

आमच्या पिढीला सायकल कोणी शिकविली नाही. १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली आणि त्यानंतरच्या वर्षांत विदर्भातून, खानदेशातून जी मंडळी येथे आली त्यांत आमचे वडील होते. पाळी सुटली म्हणजे कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. वडील दुपारी झोपले की त्यांची काळी, चोवीस इंची सायकल आम्ही हळूच बाहेर काढीत असू. दांडीवरून पाय पोहोचत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून, अंग एकीकडे आणि सायकल एकीकडे, अशी कैची मारीत आम्ही शिकलो. गुडघे फुटले, त्यांवर हळद दाबली, आणि चौथ्या दिवशी सायकल आली. या आठवणीला आम्ही फार वर्षे मोठी किंमत देत आलो. 'पडल्याशिवाय सायकल येत नाही' हे वाक्य आम्ही अनेकांना ऐकविले आहे. ते वाक्य आज आम्ही जाहीरपणे परत घेतो. त्याचे कारण पुढे येईल.

आमच्या लहानपणी रस्ते मोकळे होते. आजचे मूल सायकल चालविते ते इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेत, गोलगोल, पिंजऱ्यातल्या खारीसारखे. मोठ्या रस्त्यावर त्याला सोडण्याची आपली छाती होत नाही, आणि होऊही नये. म्हणूनच आम्हांस पायवाट सुचली. मातीच्या वाटेवर मूल पडेल, खरचटेल. पण मागून भरधाव मोटार येणार नाही. आईबापांना मातीची वाट भयंकर वाटते आणि डांबरी रस्ता सुरक्षित वाटतो. वस्तुतः गोष्ट उलट आहे.

आता चुकीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झाली होती. नातीला नवी सायकल आणलेली. दुकानदाराने 'डोंगरी सायकल' म्हणून जी दिली तिला पुढे-मागे दोन स्प्रिंगा, जाड नळ्या, झगझगीत रंग. शिवाय वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी वाढत्या अंगाची सायकल आम्ही घेतली होती, म्हणजे दोन वर्षे पुरावी. आधाराची छोटी चाके काढून महिना झाला होता, इमारतीखाली ती बेतशीर फिरत असे. एका रविवारी आम्ही तिला दुर्गच्या बाजूस एका खेड्यातील तळ्यावर नेले. तळ्याचा बांध दोन पुरुष उंच. त्यावरून खाली शेताकडे मुरमाची उतरण. बांधावर ती थांबली, खाली पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, मी उतरून चालत येऊ?"

आम्ही म्हणालो, "अगं, एवढ्याला काय भ्यायचे! जा, काही होत नाही."

ती गेली. निम्म्यावर वेग वाढला तसे घाबरून तिने हातात आला तो ब्रेक गच्च दाबला. तो पुढच्या चाकाचा होता. चाक जागच्या जागी अडले. सायकल थांबली, पण ती थांबली नाही. डाव्या मनगटाजवळचे हाड मोडले. चार आठवडे प्लास्टर. आमच्या सूनबाई आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणे किती बोलके होते हे घरोघरच्या सासऱ्यांना ठाऊक आहे. सायकल गॅलरीत गेली, तिच्यावर जुनी चादर पडली. प्लास्टर निघाल्यावरही तीन महिने नातीने त्या चादरीकडे पाहिले नाही.

या तीन महिन्यांत आम्ही जे केले ते अधिकाऱ्याला शोभेसेच होते. आम्ही चौकशी केली. सायकलीचीच. वाण्याच्या काट्यावर ती चढविली तेव्हा भरली १३ किलो. नातीचे वजन त्या वेळी २१ किलो. विचार करा, आपणांपैकी ७० किलोच्या गृहस्थाला कोणी ४३ किलोची सायकल देऊन उतारावर सोडले तर? त्या दोन स्प्रिंगा तिच्या हलक्या अंगाने दबतच नव्हत्या. त्या केवळ ओझे वाढवीत होत्या. ब्रेकचे खटके मुठीपासून इतके दूर की तिला ते बोटांनी ओढण्यासाठी सगळा पंजा पुढे न्यावा लागे, आणि मग ओढ बसे ती एकदम. सीट उंच होती. डांबरावर ते ठीक. पण उतारावर उंच सीट मुलाला वर आणि पुढे ढकलते. आणि टायरांत पंक्चरवाल्याने दगडासारखी टणक हवा भरली होती, जी सुट्या मुरमावर गोट्यांवर चालल्यासारखी घसरते. एवढे दोष आम्ही टिपून काढले. सर्वांत मोठा दोष मात्र त्या टिपणात नव्हता. मुलीने उतरून चालण्याची परवानगी मागितली होती, आणि आम्ही ती नाकारली होती.

फाल्गुन संपत आला तेव्हा एके दिवशी तिच्या शाळेत कोणी मोहाची फुले आणली. तिला ती हवी झाली. मोहाची झाडे त्याच वाटेवर आहेत हे तिला आठवत होते. तिने विचारले, "तिथे सायकल हातात धरून नेली तर चालेल?" आम्ही म्हणालो, चालेल. त्या दिवशी आम्ही दोघे दीड तास पायी हिंडलो. सायकल आमच्यासोबत होती ती केवळ सामान म्हणून. हँडलला अडकविलेल्या पिशवीत ती फुले वेचून टाकीत होती. पण परत येताना आमच्या ध्यानात आले की ती वाट वाचीत होती. "इथे दगड सुटे आहेत." "इथून कडेने जायला पाहिजे." "इथे पाणी वाहून गेलेय ना, म्हणून खड्डा." आम्ही महिन्यापूर्वी तिला जे सांगू पाहत होतो ते तिचे पाय तिला सांगत होते.

तेव्हापासून आमचा पहिला नियम ठरला, की नवी वाट प्रथम पायी. ज्या पायवाटेवर मूल सायकल चालविणार ती त्याने आधी सायकल हातात धरून चालावी. आपण पुढे चालू नये, मागे चालावे.

दुसरी गोष्ट, आम्ही शिकविणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. आधाराच्या छोट्या चाकांनी मूल पायडल मारावयास शिकते, पण तोल शिकत नाही. वळताना सायकल आतल्या अंगाला झुकली पाहिजे, ती चाके तिला झुकूच देत नाहीत. उत्तम मार्ग म्हणजे पायडलेच काढून ठेवावी. पाना कोणत्याही सायकलवाल्याकडे मिळतो. एवढेच लक्षात ठेवावे की डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, तेव्हा ते सोडविताना पाना नेहमीच्या उलट दिशेने फिरवावा. आम्ही हे न कळल्यामुळे अर्धा तास घाम गाळला. मग सीट इतकी खाली करावी की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. मूल पायांनी ढकलीत चालते, मग धावते, मग पाय उचलून तरंगते. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जी पहिली दुचाकी केली तीही अशीच बिनपायडलाची होती. माणसाने तोल आधी शोधला आणि पायडल मागाहून. मुलाने तरी उलटा क्रम का धरावा?

यासाठी जागा पाहिजे ती किंचित उतरत्या, कठीण मैदानाची. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे आपली काळी. पावसाळ्यात ती टायर आणि सांगाड्याच्या मध्ये अशी चिकटून बसते की सायकल खांद्यावर घेऊन घरी यावे लागते. भाठा ही उंचवट्यावरची, खडीची, मुरमाड, पीक न देणारी जमीन. शेतकऱ्याला ती नकोशी. पण नवशिक्या मुलाला तिच्याइतकी चांगली शाळा नाही. पाणी निथळते, झाडी विरळ, दूरवर दिसते. आश्विन संपल्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर ऊन तापू लागते. चैत्रापासून सकाळी सातच्या आत घरी परतावे.

पायडले पुन्हा लावण्यापूर्वी आम्ही थांबणे शिकविले. हे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि बहुतेक घरांत सर्वांत शेवटी शिकविले जाते. प्रथम कोणता खटका कोणत्या चाकाचा हे आपणच फिरवून पाहावे. सगळ्या सायकलींत ते सारखे नसते. पुष्कळ खटक्यांवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरविला की खटका मुठीजवळ येतो. तो मुलाच्या बोटाच्या पहिल्या पेराशी आला पाहिजे. मग मुरमावर चुन्याने रेघ ओढावी आणि तिच्यावर थांबावयास सांगावे. एकदा केवळ मागच्या ब्रेकने: चाक घसरते, खरवडल्याचा आवाज होतो, मुलांना तो फार आवडतो. एकदा दोन्हींनी, हळूहळू वाढवीत. ब्रेक लावला की अंगाचा सारा भार पुढच्या चाकाकडे धावतो. उतारावर तर तो आधीच पुढे आलेला असतो. म्हणून उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की मागचे चाक उचलले जाते. हे आम्ही नातीला समजावून सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हे तुम्ही आधी नाही सांगितलं." आम्हांस उत्तर नव्हते.

उभे राहणे ही पुढची पायरी. खडबडीत वाटेवर सीटवर बसून राहिले की प्रत्येक धक्का पाठीत जातो आणि मूल उडते. दोन्ही पायडले समपातळीत आणावी, बूड सीटवरून थोडे उचलावे, गुडघे आणि कोपरे सैल वाकवावी. रिकिबीत पाय ठेवून घोडेस्वार उभा राहतो तसे. उतारावर बूड आणखी मागे न्यावे. आणि नजर! जिकडे नजर तिकडे चाक. मुलाला "तो दगड चुकव" म्हटले की ते दगडाकडे पाहते आणि नेमके त्याच्यावर जाते. म्हणून दगडाचे नावच काढू नये. "त्या पळसाकडे जा" म्हणावे.

टायरांत हवा थोडी कमी ठेवावी. मोठ्या माणसाला चाळीस पौंड लागत असेल तर एवढ्याशा मुलाला वाटेवर वीस-पंचवीस पुरते. फारच कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते, तेव्हा अंगठ्याने दाबून पाहावे. हेल्मेट डोक्याच्या मापाचे, भुवईपासून दोन बोटे वर, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट दिसावयास धड असले तरी टाकून द्यावे. नव्या सायकलीविषयी एवढेच सांगतो, की स्प्रिंगा आणि गिअर यांच्या मोहात पडू नये. हलकी, साधी, आज मापाला येणारी सायकल घ्यावी, मग ती मंडळातल्याच एखाद्या मोठ्या झालेल्या मुलाची जुनी असली तरी उत्तम. आपण एकमेकांचे दिवाळी अंक फिरवितो, सायकली का फिरवू नयेत?

काही ठिकाणी मुळीच जाऊ नये. खाणींच्या हद्दीत नाही. वाहत्या कालव्याच्या काठावर नाही, तो रस्ता कितीही सरळ आणि मोहक दिसला तरी. आणि उभ्या धानाच्या शेतातील अरुंद बांधावरही नाही. तो बांध म्हणजे शेतकऱ्याची पाण्याची भिंत आहे. आपल्या चाकाने ती खचली तर एका रात्रीत खाचर रिकामे होते. गुरे समोरून आली तर उतरून कडेला उभे राहावे. कुत्रे धावले तर पळू नये. उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि चालत राहावे. वाटेत भेटेल त्याला 'जय जोहार' म्हणावे. इतकी वर्षे या भूमीचे अन्न खाऊन हे दोन शब्द आपल्या मुलांना नीट म्हणता येत नसतील तर ती आपली कसूर.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी खरे म्हणजे आम्ही या व्यासपीठावर येण्याचे कबूल केले. मुलाला मुक्कामाचे ठिकाण नको असते. आम्ही पहिल्या काही फेऱ्यांत "मंदिरापर्यंत जाऊ", "पुलापर्यंत जाऊ" असे उद्दिष्ट ठेवीत असू. ती तिसऱ्या मिनिटाला थांबे. काय तर म्हणे वारूळ. पुढे लाल मखमली किडा. पुढे बगळे. आरंभी आमची चिडचिड झाली. मग आम्ही घड्याळ खिशात ठेवावयास शिकलो. आणि मग एक अनपेक्षित लाभ झाला. ती विचारू लागली, "याला मराठीत काय म्हणतात?" घरी आम्ही तिच्याशी मराठी बोलतो, पण शाळेची हिंदी, मैत्रिणींची हिंदी, दूरचित्रवाणीची हिंदी. घरातल्या मराठीत जेवणखाण आणि रागलोभ एवढेच उरले होते. ओहोळ, वारूळ, चढण, उतरण, खाचखळगा, पाणंद, झुडूप, चिखल आणि राड यांतला फरक हे शब्द आमच्या बैठकीच्या खोलीत कधी येणार होते? ते वाटेवरच आले, कारण त्यांचे काम वाटेवरच पडते.

तेथेच तिला एक गुरू भेटला. खेड्यातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा, बापाची मोठी सायकल दांडीखालून पाय घालून चालविणारा, मागे गवताचा भारा. आम्ही त्याला पाहिले आणि आम्हांला आम्हीच दिसलो. तो कधी पडत नसे. त्याने नातीला सांगितले, हे तळे नव्हे, तरिया. तो ओढा म्हणजे नरवा. ती त्याला म्हणाली, आमच्यात ओढा म्हणतात. 'मुरूम' मात्र दोघांचा एकच निघाला, आणि त्या शोधाचा दोघांना जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. नातीने त्याला तिच्या हलक्या सायकलीवर बसू दिले. तो थांबावयाचे कसे हे तिच्याकडून शिकला, कारण त्याच्या सायकलीला ब्रेक नव्हताच, तो चप्पल टायरवर दाबून थांबत असे. आता तीही चपलेने थांबावयास शिकू पाहते आहे. सूनबाईंना हे अद्याप ठाऊक नाही; आज त्या सभेत आहेत, तेव्हा झाले.

गेल्या कार्तिकात नात एकदा म्हणाली, "त्या बांधावर जायचंय." कोणता बांध हे सांगण्याची गरज नव्हती. आमच्या मनाची तयारी नव्हती, पण या वेळी विचारणारी ती होती. आम्ही गेलो. बांधावर ती उतरली. सायकल आडवी ठेवून पायी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मधला एक सुटा धोंडा तिने दोन्ही हातांनी ढकलून कडेला लावला. पाना मागितला आणि सीट खाली करावयास सांगितली. टायर अंगठ्याने दाबून पाहिला, थोडी हवा सोडली. मग आम्हांस म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन उभे राहा. आणि काही बोलू नका."

आम्ही खाली जाऊन उभे राहिलो. छातीचे ठोके कानात ऐकू येत होते. ती बराच वेळ वरच उभी होती. एकदा वाटले, चालत येईल, आणि तसे झाले असते तरी आम्ही काही बोललो नसतो. मग मुरूम चिरडल्याचा आवाज आला. बूड सीटमागे, कोपरे वाकलेली, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबीत ती खाली आली, आमच्याजवळून पुढे निघून गेली, आणि तळ्याकाठच्या पिंपळापाशी थांबून मागे न पाहताच तिने विचारले, "आजोबा, पाण्याची बाटली कुठंय?"

ज्यांना यावयाचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मैत्रीबागेच्या फाटकापाशी यावे. मुलाची सायकल जशी असेल तशी आणावी. पाना आमच्याजवळ आहे. पहिल्या दिवशी आपण सर्व चालणारच आहोत, तेव्हा आजी-आजोबांनीही पायांत बूट घालून यावे.